आधी टेप, मग पेन्सिल: मुलांना आपल्याच घराचा नकाशा काढायला शिकवताना

धुळे, अमळनेर, शहादा, कुठल्याही गावातल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला "घर काढ" म्हणा. कागदावर दोन डोंगर येतात, मधून सूर्य वर येतो, खाली नदी वाहते आणि काठावर उतरत्या कौलांचं घर उभं राहतं. काढणाऱ्याच्या डोक्यावर मात्र धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर असतं, नाहीतर स्लॅब. उन्हाळ्यात तो त्याच धाब्यावर झोपतो, दिवसभर ओट्यावर खेळतो, पण धाबं आणि ओटा त्याच्या चित्रात येत नाहीत. आपलं घर बघून काढायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी धुळ्यात ड्राफ्ट्समन म्हणून बरीच वर्षं नकाशे काढले. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या मुलांना ओट्यावर बसवून तेच शिकवायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहितो आहे, आईवडिलांसाठी, शाळेतल्या बाई-सरांसाठी, घरातल्या मोठ्या ताई-दादासाठी. तुम्हाला स्वतःला नकाशा काढता येत नसला तरी अडत नाही, मुलांबरोबर शिकाल. मूल तिसरी-चौथीपासून पुढचं असावं, मोजपट्टी वाचता यावी, साधा गुणाकार-भागाकार यावा. एकटं मूल लवकर कंटाळतं. तीन-चार जण असले की टेपचं दुसरं टोक धरायलाही कुणीतरी मिळतं.

पहिल्या वर्षी मी पहिल्याच दिवशी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर सगळं मांडलं आणि मुलांना सरळ रेघा मारायला बसवलं. तिसऱ्या दिवशी नऊपैकी दोन मुलं आली. दुसऱ्या वर्षापासून क्रम उलटा केला: पहिले दोन दिवस पेन्सिलनं रेघ मारायचीच नाही, फक्त मोजायचं आणि आकडे लिहायचे.

सामान फारसं लागत नाही. गणिताची चौकटीची वही, एचबी पेन्सिल, खोडरबर, कंपासपेटी, तीस सेंटिमीटरची पट्टी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाच मीटरचा लोखंडी टेप. टेपवर एका कडेला इंच-फूट आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेलाच घ्या. सुतळीचा गुंडा आणि बुटांचे रिकामे खोके पुढे लागतील. मोबाइलवर घराचे नकाशे काढायची अ‍ॅप मिळतात, पण निदान पहिली दोन वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका. दहा फूट म्हणजे किती, हे अंगात भिनायच्या आधीच पडद्यावर खोल्या ओढायला लागलेलं मूल आठ फुटांचं दार काढतं आणि त्यात काही चुकलंय हे त्याला जाणवत नाही.

पहिली पायरी: अंगाची मापं

प्रत्येकानं आधी स्वतःला मोजायचं. आपली वीत किती सेंटिमीटरची, हात किती, एक ढांग किती, उंची किती. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. मग टेप न वापरता वितीनं खाट मोजायची, ढांगांनी गल्लीची रुंदी मोजायची आणि नंतर टेप लावून पडताळायचं. अंदाज आणि टेप यांतलं अंतर रोज थोडं कमी होतं आणि मुलांना त्यात भारी मजा येते.

नंतर घरभर फिरायचं. दार किती उंच? बहुतेक घरांत सात फुटांच्या आसपास निघेल. जुन्या वाड्यात वाकून जावं लागत असेल तर ते दार मुद्दाम मोजा. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती वर आहे? स्वयंपाकाचा ओटा आईच्या कमरेच्या किती खाली येतो? जिन्याची एक पायरी किती उंच, किती रुंद? प्रत्येक मापाबरोबर "हे एवढंच का?" असा एक प्रश्न टाकायचा आणि उत्तराची घाई करायची नाही.

इथे फूट-इंचाचा आणि मीटरचा घोळ होतो. शाळेत मूल सेंटिमीटर शिकतं आणि घर बांधणारा गवंडी फूट, इंच आणि सूत बोलतो. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. दोन्ही भाषा मुलाला यायला हव्यात, कारण कागद एका भाषेत असेल आणि काम दुसऱ्या. शक्य असेल तर बांधकामावरच्या एखाद्या मिस्तरीकडे अर्धा तास मुलांना घेऊन जा. ओळंबा सोडून भिंत उभी सरळ आहे का हे कसं बघतात, पाण्याच्या नळीनं दोन टोकांची पातळी कशी जुळवतात, हे बघून आलेलं मूल कागदावरची आडवी आणि उभी रेघ वेगळ्याच गांभीर्यानं मारतं. त्याच्या हातातला काटकोन तपासायचा मोठा गुण्या बघितला की मुलांच्या एक गोष्ट ध्यानात येते. कंपासपेटीतल्या त्रिकोणी पट्टीलाही आपण गुण्याच म्हणतो, आणि दोघांचं काम एकच.

मोजण्याची शिस्त पहिल्यापासून लावा. एकानं माप मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते उच्चारून लिहायचं. टेप सैल पडला, तिरका गेला की आकडा वाढतो. "नंतर लिहू" म्हटलेलं माप हमखास चुकतं.

दुसरी पायरी: वरून बघणं आणि कापून बघणं

पाटा-वरवंटा घ्या. समोर बसून काढा, बाजूला बसून काढा, मग उभं राहून थेट वरून बघत काढा. वस्तू एक आणि आकार तीन. डबा, तांब्या, पाट यांचंही असंच करा. दोन दिवसांत मुलं "सर, समोरून का वरून?" असं आपणहून विचारायला लागतात.

आता अवघड भाग. नकाशा म्हणजे घर वरून बघणं, असं आपण पटकन सांगून टाकतो, पण ते खरं नाही. वरून बघितलं तर नुसतं धाबं दिसेल, त्यावर वाळत घातलेले पापड दिसतील, खोल्या दिसणार नाहीत. जमिनीपासून चारेक फुटांवर, म्हणजे खिडक्यांमधून जाईल अशी एक आडवी करवत सगळ्या घरातून फिरवली, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्या भागात वरून डोकावलं, की दिसतं ते म्हणजे प्लॅन. हे तोंडी सांगून कुणालाच कळत नाही. मी भरिताचं वांगं वापरतो. आपल्याकडे त्याची वाण नाही. एक वांगं आडवं कापायचं: गोल चकती आणि बियांची नक्षी. दुसरं देठापासून खाली उभं कापायचं: तोच गर, त्याच बिया, पण चित्र निराळं. आडवा काप म्हणजे प्लॅन, उभा काप म्हणजे सेक्शन. दोन्ही वहीत काढून झाले की वांगी स्वयंपाकघरात पोचवा. त्या दिवशीचा धडा मुलं विसरत नाहीत.

लगेच बुटाच्या खोक्याला दार-खिडक्या कापा, आत पुठ्ठ्याची एक आडभिंत उभी करा आणि खिडकीच्या मध्यावरून सगळं खोकं आडवं कापा. कटर मोठ्या माणसाच्याच हातात हवा. कापलेल्या कडा काळ्या स्केचपेननं रंगवा. वरून बघितलं की भिंती काळ्या आणि दारं-खिडक्या मोकळ्या दिसतात, आणि नकाशात भिंत जाड का काढतात ते न सांगता कळतं. कापलं गेलं ते गडद, खाली दिसतं ते बारीक. रेघांचा एवढा एकच नियम सुरुवातीला द्या.

तिसरी पायरी: एका खोलीचा कच्चा नकाशा

सगळं घर काढायचा मोह टाळा. एक खोली निवडा. पट्टीशिवाय, हातानं, खोलीचा आकार वहीत काढा, दारं-खिडक्या दाखवा आणि मोजलेली मापं त्यावरच लिहा. हा कागद वेडावाकडा असला तरी चालतो, आकडे मात्र बरोबर हवेत. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. विटांची भिंत साधारण नऊ इंच भरते. जुनी मातीची असेल तर दीड-दोन फूटही निघते आणि मुलं थक्क होतात.

चारी बाजू मोजल्या म्हणजे खोली हाती आली असं नाही. दोन्ही कर्ण मोजा. दहा बाय बाराची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे, साडेपंधरा फुटांहून थोडे जास्त भरतील. एक मोठा आणि एक लहान निघाला तर खोली तिरकी आहे. जुन्या घरांत हे हमखास आढळतं आणि ते तसंच तिरकं काढायचं. मुलं ते "सुधारून" सरळ करतात, तेव्हा थांबवा. आहे तसं काढणं हा या कामातला पहिला प्रामाणिकपणा आहे.

काटकोन कसा धरतात हेही इथेच दाखवा. सुतळीवर तीन, चार आणि पाच फुटांवर खुणा करून त्रिकोण ताणला की तीन आणि चारच्या मधला कोन नव्वदचा. जोत्याची आखणी करताना गवंडी रोज हेच करतात. चाळीसगावजवळच्या पाटणला सहलीला गेलात तर मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ काढला. तसा इसवी सन १२०७ चा शिलालेख तिथे सापडला आहे. कर्णाचं गणित आठशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी शिकवण्याची सोय झाली होती, हे ऐकल्यावर सुतळीच्या त्रिकोणाकडे मुलं जरा आदरानं बघतात.

चौथी पायरी: प्रमाण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई केली तर पुढचं सगळं नुसतं चित्र होऊन बसतं. मुलाच्या पहिल्या नकाशात खाट खोलीएवढी असते आणि दार उंदराच्या बिळाएवढं, कारण जे त्याला महत्त्वाचं वाटतं ते तो मोठं काढतो. त्याला चूक म्हणू नका. एवढंच विचारा: "या दारातून ही खाट आत कशी नेली?"

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट, इथून सुरू करा. दहा बाय बाराची खोली दहा चौकटी आणि बारा चौकटी. तीन फुटांचं दार तीन चौकटी. सहा बाय तीनची खाट सहा आणि तीन. काही सांगावं लागत नाही. हे रुळलं की कोऱ्या कागदावर या आणि मीटर घ्या. १:५० म्हणजे घरातले पन्नास सेंटिमीटर कागदावर एक सेंटिमीटर, एक मीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. तीन मीटर बाय चार मीटरची खोली ६ बाय ८ सेंटिमीटरची होते. नव्वद सेंटिमीटरचं दार १.८ सेंटिमीटर, तेवीस सेंटिमीटरची भिंत साडेचार मिलिमीटरच्या जरा वर. १:१०० ला सगळं याच्या निम्मं. पाचवीच्या आतल्या मुलांना १:१०० देऊ नका, दोन मिलिमीटरची भिंत त्यांच्या हातून नीट येत नाही.

नंतर खाट, कपाट, शिलाई मशीन, धान्याची कोठी, फ्रिज, सगळं त्याच प्रमाणात रंगीत कागदातून कापा आणि नकाशावर ठेवून सरकवा. कपाटाचं दार उघडायला जागा उरते का? कोठी खिडकीखाली ठेवली तर ऊन लागेल का? हा खेळ तासभर चालतो आणि मुलं भांडतातही. भांडू द्या, फक्त निकाल पट्टीनं लावायचा.

दार काढताना कंपास काढा. बिजागरीच्या कोपऱ्यावर टोक, दाराच्या रुंदीएवढी त्रिज्या आणि पाव वर्तुळ. दार उघडताना किती जागा खातं ते त्या कमानीतून दिसतं. खिडकी म्हणजे भिंतीच्या जाडीत दोन-तीन बारीक रेघा. जिना म्हणजे पायऱ्यांच्या समांतर रेघा आणि वर जाण्याच्या दिशेचा बाण. एका मुलीनं विचारलं होतं, जिना मध्येच का वळतो? मी तिलाच गणित घातलं. दहा फूट चढायचं आहे, एक पायरी सहा इंच उंच, म्हणजे वीस चढ. मधल्या एकोणीस पायऱ्या दहा-दहा इंच रुंद धरल्या तर लांबी जवळपास सोळा फूट. तिच्या घराची खोली बारा फुटांची होती. उत्तर तिनंच दिलं.

पाचवी पायरी: उत्तर दिशा आणि ऊन

खानदेशात उन्हाशिवाय घराचा विचारच करता येत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा नकाशावरचा उत्तरेचा बाण ही शोभेची वस्तू राहत नाही.

दिशा मोबाइलवर बघू नका, काढा. धाब्यावर किंवा अंगणात एक काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. सकाळी नऊच्या सुमारास सावलीच्या टोकाला खूण करा आणि काठीशी मध्य धरून त्या खुणेतून सुतळीनं वर्तुळ काढा. दुपारी सावली आखडून पुन्हा लांबत जाते आणि तिचं टोक जिथे वर्तुळाला परत टेकतं तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली, सकाळची खूण पश्चिमेकडची. त्यावर गुण्या लावला की उत्तर-दक्षिण. सावली सगळ्यात आखूड कधी होते तेही टिपायला लावा. बाराला होत नाही, आपल्याकडे साधारण साडेबाराच्या आसपास होते, कारण घड्याळाची वेळ ज्या रेखांशावरून धरली आहे तो आपल्या बराच पूर्वेला आहे.

मग नकाशावर उत्तर दाखवा आणि मुलांना दिवसभराचं काम द्या: सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला घरात ऊन कुठे पडतं ते पिवळ्या पेन्सिलनं रंगवायचं. त्याबरोबर आणखी दोन नोंदी. दुपारी तीनला आजी कुठे बसते? सकाळी सहा ते आठ आई घरात कुठून कुठे फिरते, ती वाट लाल पेन्सिलनं. ही लाल रेघ मला सगळ्यात मोलाची वाटते. पाण्याचा माठ एका टोकाला आणि चूल दुसऱ्या टोकाला असलेल्या घरात त्या रेघांचं जाळं होतं, आणि चौथीतला मुलगा ते बघून म्हणतो, "माठ इकडे आणला तर?" घराचा विचार करायला तो तिथे शिकला.

सेक्शन आणि शब्द

एलिव्हेशन, म्हणजे घर समोरून, मुलांना सोपं जातं. फक्त उंची मोजून काढायला लावा, बाकी ती आपणहून करतात. सेक्शनवर थोडं थांबा. जुनं धाब्याचं घर अजून उभं असेल तर तेच निवडा. खालून वर जा: पाया, जोतं, ओटा, भिंत, भिंतीतला कोनाडा, खांब, खांबावर आडवी तुळई, तुळईवर बारीक लाकडांच्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. एवढी माती डोक्यावर का घेतली, हे मुलांना दुपारी त्या घरात बसवून आणि मग पत्र्याच्या खोलीत बसवून विचारा.

या वेळी आजी-आजोबांना बरोबर घ्या. घराच्या एकेका भागाला ते कोणता शब्द वापरतात ते विचारून तोच शब्द नकाशावर लिहायचा. अहिराणी असो की लेवा बोली, पुस्तकी शब्दानं बदलायचा नाही. एका पोरानं शीर्षकाच्या जागी लिहिलं, "हाई मन्हं घर शे." अक्षरं ओळीत होती, उत्तरेचा बाण होता, प्रमाण लिहिलेलं होतं. मी त्यात काही बदललं नाही. मुलांच्या कागदावर तुमची पेन्सिल चालवू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. चूक दिसली तर टेप हातात द्या.

घराबाहेर

घर जमलं की गल्ली. धुळ्यातल्या मुलांची यात चंगळ आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावाबाहेर सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. तिथल्या गल्ल्या आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशाच ओळखल्या जातात. एका रविवारी तिथे ढांगांनी मोजत फिरा आणि पुढच्या रविवारी जुन्या धुळ्यातल्या वळणावळणांच्या बोळांत. दोन्हींचे कच्चे नकाशे शेजारी ठेवले की पट्टीनं आखलेलं गाव आणि पायवाटांनी घडलेलं गाव यांतला फरक दिसतो. साक्री तालुक्यातलं बळसाणे जवळ असेल तर तिथल्या जुन्या मंदिराचा प्लॅन काढा. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना जागा कशी आवळत जाते ते चालत मोजावं. पारोळ्याचा किल्ला गोल बुरूज शिकवायला चांगला.

मॉडेल करायचं असेल तर भिंतींना पुठ्ठा आणि कड्यांना पऱ्हाट्या. कापसाच्या वाळक्या काड्या शेताच्या बांधावर फुकट मिळतात आणि १:५० ला तुळईसारख्या दिसतात. विकतचा थर्माकोल आणू नका. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तिथल्या सजावटीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवलं, आणि ते बांबूसारख्या गावातल्याच साध्या सामानातून उभं राहिलं. हे मुलांना जरूर सांगा.

आठवी-नववीत पोचलेल्या आणि गोडी टिकलेल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवा. त्यातली भूमिती आणि अक्षरलेखन या कामाला थेट उपयोगी पडतं. पुढे आर्किटेक्टच व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा बी.आर्क. आणि त्यासाठी 'नाटा'सारखी प्रवेश परीक्षा आहे. पण चौथीतल्या मुलापुढे हा विषय काढू नका.

शेवटचा दिवस

प्रत्येकानं एक खोली स्वतः योजायची. विषय मी ठरवून देतो: आजीसाठी खोली. तिचे गुडघे दुखतात, तिला दुपारी गारवा लागतो, रात्री बाहेरच्या दाराची कडी वाजलेली ऐकू यायला हवी. आधी १:५० ला प्लॅन. मग तो कागद दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायचा आणि काढणाऱ्यानं गप्प बसायचं. दुसऱ्यानं नुसता कागद वाचून, टेप, सुतळी आणि फक्की (आखणीची पांढरी पूड) घेऊन ती खोली मोकळ्या प्लॉटवर खऱ्या मापात आखायची. जिथे तो अडतो तिथे नकाशात काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं. परत जायचं, लिहायचं, पुन्हा आखायचं. फक्की डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हे काम सकाळी नऊच्या आत उरका, नंतर ऊन उभं राहू देत नाही.

आखून झाल्यावर ज्याची आजी असेल तिला बोलवायचं. गेल्या मे महिन्यात एक आजी आल्या आणि पांढऱ्या रेघांवरून सरळ आत चालायला लागल्या. नातू ओरडला, "माय, तठे भित शे!" आजी थबकल्या, खाली बघितलं, पदर सावरला आणि वळसा घालून दारातून आत आल्या.